हागारेची विहीर, आमची विहीर

औषध कोणतं आणि किती महिने, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला विचारू नका. मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्यापुढे शाळाच नव्हती. डॉक्टर जे सांगत नाहीत, कारण त्यांना ते झालेलं नसतं, तेवढंच मी लिहिते आहे.

मला क्षय झाला होता. तेव्हा मी तरुण होते आणि माझी मुलगी अंगावर पीत होती. आज म्हातारी होऊन हे लिहिते आहे, म्हणजे मेले नाही हे उघड आहे. मध्ये बऱ्याचदा मेलेलं बरं असं वाटलं, तेही लिहिणार आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका सुनेला आता हाच आजार झाला. पाळक तिला म्हणाले, "हा तुझा वाळवंटातला काळ आहे. देव तुला घडवतो आहे." ती माझ्याकडे आली आणि ओसरीवर बसून रडली. म्हणाली, "आजी, मला घडायचं न्हाई, मला घरी जायचंय." पाळक चांगला माणूस आहे. पण वाळवंटाबद्दल मलाही थोडं माहीत आहे, म्हणून लिहायला बसले.

काळा फोटो

निजामाचं राज्य गेलं ती पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं खेडं जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या पलीकडे, नदीकाठाला. गावाबाहेर आम्हा ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती. माझ्या सासऱ्यांचा बाप ख्रिस्ती झाला. देव बदलला, नावं बदलली, विहीर बदलली नाही. गावच्या विहिरीवर आम्ही चढायचं नाही. खाली घागर ठेवून उभं राहायचं. कोणाला दया आली की तो वरून पाणी ओतायचा, आपलं भांडं आमच्या घागरीला लागू न देता. उन्हाळ्यात कोणाला दया येत नसे. मग नदीच्या कोरड्या वाळूत हाताने झिरा उकरायचा, पाणी पाझरायची वाट पाहायची आणि वाटीवाटीने घागर भरायची. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल.

कापूस वेचताना खोकल्यातून रक्त पडलं. मी पायाने त्यावर माती ओढली. काही दिवस माती ओढत राहिले. मग सासूने पाहिलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी मुलीला माझ्या कडेवरून उचललं आणि आमच्या मालकांना म्हणाल्या, "दाविद, बैलगाडी माग कोणाची तरी."

टेंभुर्णीपर्यंत गाडी, तिथून जालन्याला मोटार. जुन्या जालन्यातून पुढे गेल्यावर गावाबाहेर एक लहान मिशनचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीचा काळा फोटो काढून खिडकीच्या उजेडाला धरला. फासळ्या दिसत होत्या आणि फासळ्यांच्या मागे पिंजलेला कापूस भरून ठेवावा तसं काहीतरी.

"किती दिवस राहावं लागंल?" मालकांनी विचारलं.

"दिवस नाही. महिने."

मुलगी रडत होती. मार्था तिचं नाव. नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. मी म्हणाले, "बाई, हिला पाजून घेते. भुकेली हाये."

"नाही."

"एकदाच."

"नाही. आता नाही आणि घरी जाईपर्यंत नाही. तिला जवळही घ्यायचं नाही."

मालक तिला घेऊन निघाले. ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करत होती. रस्त्याच्या वळणापर्यंत तिचं रडणं ऐकू आलं. मग मोटारीचा आवाज आला आणि त्यात ते गेलं. संध्याकाळी माझी चोळी दुधाने भिजली. एक म्हातारी आया आली, तिने जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून माझी छाती करकचून बांधली. म्हणाली, "रडू नको, रडलं की जास्त येतं."

त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली नाही. दूध वाया जातंय याचंच दुःख होत होतं. माणसाचं डोकं अशा वेळी मोठं काही धरत नाही.

खोकणाऱ्यांची जात

आमची खोली म्हणजे एक लांब पडवी होती, तिन्ही बाजूंनी उघडी. हवा हेच निम्मं औषध, असं त्या काळी मानत. सकाळी ताप पाहायचा. प्रत्येकीला थुंकायला झाकणाचा डबा, त्यात फिनेल. मग सुई. सुईने कान गुणगुणायचे आणि चालताना तोल जायचा. मग दूध, अंडं, भाकरी. मग पडून राहायचं. जेवून परत पडून राहायचं. मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, हात वर करून केसही विंचरायचे नाहीत. शेतात राबणाऱ्या बाईला नुसतं पडून राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच. पहिल्या महिन्यात मी छपराच्या कौलांना नावं ठेवली, कोणतं फुटकं, कोणतं तिरकं.

शेजारच्या खाटेवर केदारखेड्याची गंगूबाई होती. घरची शेती, दोन बैलजोड्या, अंगावर खानदानी माज. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "कोणाची गं तू?" मी सांगितलं. तिने आपला तांब्या पलीकडच्या बाजूला सरकवला. मला राग आला नाही. सवय होती.

महिनाभराने तिचा मुलगा आला. फाटकापाशी उभा राहिला, धोतराचं टोक नाकाला लावून. तिचे कपडे आणि शेंगदाण्याचा लाडू आयाकडे दिला आणि तिथूनच परत गेला. त्या दिवशी गंगूबाईने तांब्या मधल्या स्टुलावर ठेवला. म्हणाली, "पी तुला पाहिजे तर."

"बाटाल ना."

"मला काय व्हायचं राह्यलं आता? इथं आपली सगळ्यांची एकच जात. खोकणाऱ्यांची." मग तिला हसू आलं आणि हसण्याने खोकला आला आणि दोघींना नर्सने दम दिला.

लाडूही तिने अर्धा दिला. तो मात्र वाईट होता, खवट.

चिंच

पडवीपासून फाटकापर्यंत मोकळं अंगण होतं आणि त्याच्या टोकाला चिंचेचं झाड. लहान मुलांना झाडाच्या अलीकडे आणायची मनाई होती. नियम बरोबर होता. मी आजही म्हणते बरोबर होता. पण नियम बरोबर असला म्हणून तो कमी लागतो असं नाही.

मालक महिन्या-दोन महिन्यांनी मार्थाला घेऊन यायचे आणि चिंचेखाली उभे राहायचे. मी खाटेवर उठून बसायची. ते तिला माझ्याकडे बोट दाखवायचे. पहिल्यांदा ती रडली. नंतर नंतर ती कावळ्याकडे पाहायची, चिंचेची बोटुकं उचलायची. एकदा आत्याबाई सोबत आल्या होत्या. मार्था पडली, तिच्या गुडघ्याला लागलं. ती "आई" म्हणून ओरडली आणि धावत आत्याबाईंच्या लुगड्यात शिरली.

मी उठून उभी राहिले होते. परत बसले.

गंगूबाईने पाहिलं. ती म्हणाली, "लेकरू हाये. जो खाऊ घालंल त्याला आई म्हणंल. मनावर घेऊ नको."

"घेत न्हाई," मी म्हणाले.

"मंग डोळे पूस."

राहेलबाई

दुपारी राहेलबाई यायच्या. त्या बायबलबाई होत्या, म्हणजे खाटेपाशी बसून बायांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या. उंच, सावळ्या, नवरा लवकर गेलेला, आमच्यासारख्याच एका गावाबाहेरच्या वस्तीत वाढलेल्या. त्या आवाज चढवत नसत. त्यांचं वाचणं गंगूबाईही ऐकायची. "तुमचा देव मला नको," ती म्हणायची, "पण गोष्टी वाचा."

रविवारी त्या वेळचे पाळक यायचे. त्यांनी एकदा सांगितलं की शास्त्रात वाळवंट म्हणजे परीक्षा. देव आपल्या लोकांना तिथे नेतो, कारण तिथे माणसाजवळ देवाशिवाय दुसरं काही उरत नाही. गर्व गळून पडतो, मन नरम होतं. मी ऐकलं. माझ्याजवळ गर्व करण्यासारखं काय होतं, ते मला आठवेना. वाळवंट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नदीची वाळू यायची. तिथे मी काही शिकले नव्हते, फक्त पाणी उकरलं होतं, आणि नखं गेली होती.

राहेलबाई मात्र अर्थ सांगत नसत. वाळवंटातल्या गोष्टी त्या एकामागून एक सांगत गेल्या. इस्राएल लोक चाळीस वर्षं फिरत राहिले, आकाशातून खायला मान्ना पडायचा. आजच्यापुरता गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे. ही गोष्ट मला उपयोगी पडली. मी उद्याचा विचार करू लागले की तो सडायचा. मार्था मला ओळखेल का, मालक दुसरी करतील का, गावात मला कोण उभं करील. सगळे किडेच. म्हणून ठरवलं, आजची सुई, आजचं दूध, आजची झोप. रोज जमत नसे. पण जमलं त्या दिवशी ताप कमी वाटायचा.

एलीयाची गोष्ट तर गंगूबाईलाही आवडली. मोठा देवाचा माणूस, पण थकला, वाळवंटात गेला, एका झुडपाखाली आडवा पडला आणि म्हणाला, देवा, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत पाठवला, भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला. म्हणाला, ऊठ, खा. तो जेवला आणि झोपला. मग परत उठवून जेवू घातलं.

"म्हणजे आपलाच दवाखाना," गंगूबाई म्हणाली. "खा अन् झोप. पण त्याला सुया न्हाईत, नशीबवान."

ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांना मी हेच सांगते. त्याने मरणाची भाषा केली तर दचकू नका, समजूत घालू नका. गरम भाकरी द्या आणि झोपू द्या. देवालाही त्याहून चांगलं काही सुचलं नाही.

हागार

हागारेची गोष्ट राहेलबाईंनी सगळ्यांत शेवटी सांगितली. बहुतेक त्या टाळत होत्या.

हागार ही अब्राहामाच्या घरची दासी. मालकिणीला नकोशी झाली म्हणून तिला लेकरासकट घराबाहेर काढलं. थोडी भाकर आणि पाण्याची पखाल खांद्यावर दिली. वाळवंटात पाणी संपलं. तिने मुलाला एका झुडपाखाली ठेवलं आणि स्वतः लांब जाऊन बसली, कारण त्याला मरताना पाहणं तिला झेपेना. तिथे ती रडली. मग देवाने मुलाचा आवाज ऐकला आणि तिचे डोळे उघडले, आणि तिला तिथेच विहीर दिसली.

मी चिंचेकडे पाहिलं. बाई लांब, लेकरू झाडाखाली. मला राग आला. मी म्हणाले, "विहीर आधीपासून तिथंच होती?"

"व्हय. तसं लिवलंय."

"मंग इतका वेळ तिला काऊन रडवलं?"

राहेलबाईंनी पुस्तकावर हात ठेवला.

मी थांबले नाही. "अन् विहीर दिसली म्हणजे झालं? बाई, आपल्या गावात विहीर दिसत न्हाई का? मला जन्मापासून दिसून राह्यली. पायऱ्या दिसतात, पाणी दिसतं, पाण्यात आभाळ दिसतं. दिसून काय करू? हागारेला वर चढू नको म्हणणारं कोणी नव्हतं तिथं. वाळवंट बरं मंग. आपलं तर गाव हाये."

मोठ्याने बोलले म्हणून खोकला आला, डब्यात लाल पडलं. गंगूबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या गावच्या विहिरीवर वरून ओतणाऱ्यांतलीच ती.

राहेलबाई म्हणाल्या, "मला ठाऊक न्हाई, बाई. मीबी घागर घेऊन उभी राह्यलेली हाये." त्यांनी माझं तोंड पुसलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, "एक सांगायचं राह्यलं. त्याच्या आधी एकदा ती अशीच वाळवंटात पळाल्ती. तिथं तिनं देवाला नाव दिलं. मला पाहणारा देव. दासीनं देवाला नाव दिलं, इतकं तिचं धाडस."

"पाहतो तर पाहू द्या," मी म्हणाले. "पाहणारे विहिरीवर पुष्कळ होते."

त्या हसल्या. मला वाटलं होतं रागावतील. म्हणाल्या, "हे तूच त्याला सांग. मी मध्ये पडत न्हाई."

मी सांगितलंही. उत्तर आलं नाही.

गंगूबाई

पावसाळा संपता संपता गंगूबाईचा ताप चढला तो उतरला नाही. सुईचा गुण तिला आला नाही. का, ते मला माहीत नाही. औषध तेच, भाकरी तीच, पडवीची हवा तीच. मी सुधारत होते आणि ती जात होती. यात माझं काही पुण्य नव्हतं. कोणी सांगितलं की श्रद्धेने बरी झालीस, तर मला गंगूबाई आठवते आणि मी गप्प बसते.

शेवटी तिला तांब्या धरवत नसे. दुपारी नर्स दुसऱ्या टोकाला असायच्या. मी खाटेवरून उतरून, मनाई असली तरी, तिचं डोकं उचलायची आणि तांब्या तिच्या ओठांना लावायची.

एकदा मी मुद्दाम म्हणाले, "वरून ओतू का?"

"चावट," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, डोळे मिटून, "तुमच्या लोकायला कोणी पाणी न्हाई घातलं तर तुम्ही काय करत होत्या गं?"

"वाळू उकरत होतो."

"मला कधी दिसलं न्हाई."

एवढंच म्हणाली. माफी वगैरे काही मागितली नाही, आणि मलाही ती नको होती. दोन दिवसांनी गेली. फाटकापाशी गाडी आली आणि तिला घेऊन गेली. तिचा तांब्या आयाने फिनेलमध्ये टाकला.

घर

माझ्या थुंकीत आजार सापडेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं. त्यांनी मालकांना समोर बसवून सांगितलं, "हिचं ताट-वाटी वेगळं करू नका. आता हिच्यापासून कोणाला काही होणार नाही. मुलीला जवळ घेऊ द्या."

मला वाटलं वाळवंट संपलं. सगळ्या आजाऱ्यांना असंच वाटतं. घरी आल्यावर मला कळलं की दवाखान्यात निदान सगळ्या सारख्या होत्या.

माझं अंथरुण गोठ्याशेजारच्या छपरात टाकलं होतं. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली वेगळी. मार्था दारात उभी होती, आजीच्या लुगड्याला धरून. मी हात पुढे केला. ती मागे सरकली.

मी पाणी मागितलं. आत्याबाई तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ओंजळ कर."

मला आधी कळलंच नाही. मग मी ओंजळ केली. त्यांनी तांब्या उंच धरला आणि वरून पाणी सोडलं. एक थेंब इकडे तिकडे नाही, तांब्या कुठे लागला नाही. सगळा जन्म त्या विहिरीखाली उभ्या राहिल्या होत्या. कसं ओतायचं ते त्यांना खालून पाहून पाठ झालं होतं.

मी म्हणाले, "आत्याबाई, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. आता माझ्यात आजार न्हाई."

"डॉक्टरीणबाईला नात न्हाई," त्या म्हणाल्या.

मालक खाली मान घालून उभे होते. म्हणाले, "आई, बाईंनी बराबर सांगितलं..."

"तू गप. तू सांभाळलंस का पोरीला?" मग माझ्याकडे वळून त्या जरा हळू बोलल्या, "माझी दोन लेकरं ह्याच खोकल्यानं गेली. तुला ठाऊक न्हाई, तू लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट हाये. रागाव माझ्यावर. पण हिला मी देणार न्हाई."

काय बोलणार? त्या वाईट नव्हत्या. त्यांनी माझी मुलगी जगवली होती. मी हरले होते आणि ज्यांच्यापुढे हरले त्यांना दोषही देता येत नव्हता. हिवाळाभर मी त्या छपरात बसून ओंजळीने पाणी प्यायले. प्रार्थना करायची सोडली. देव पाहणारा असेल तर त्याला दिसतच होतं.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी आत्याबाई झिऱ्यावर गेल्या होत्या. मालक कामाला. मार्था अंगणात चिंचोक्यांशी खेळत होती. मला तहान लागली, पण मी उठले नाही. उठले की ती आत पळायची, म्हणून मी बसून राहिले. खोकलेही नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत गेली आणि दोन्ही हातांनी तांब्या घेऊन आली, अर्धं पाणी सांडत. माझ्यापासून हातभर लांब थांबली आणि आजीच्याच आवाजात म्हणाली, "ओंजळ कर."

मी ओंजळ केली. तिने टाचा उचलल्या, तांब्या डोक्याच्या वर नेला आणि ओतायला लागली. शिकवलं होतं तसं, अगदी बरोबर. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मी पीत राहिले. मान वर केली नाही.

तांब्या पितळेचा होता आणि तिचे हात लहान होते. थोड्या वेळाने धार थरथरायला लागली. मग तांब्या जरा खाली आला. मग आणखी खाली. शेवटी तो माझ्या ओंजळीवर टेकला आणि तिने त्याचा सगळा भार माझ्या हातांवर सोडून दिला.

दूत नव्हता, कोणाचे डोळे उघडले नाहीत. तिचे हात दुखले, एवढंच.

"जड हाये," ती म्हणाली.

"मंग राहू दे तसाच," मी म्हणाले.